खात्यातून परस्पर गेलेली रक्कम : जबाबदारी, मुदत व तक्रारीची रीत

व्यापारी मनुष्य रोख रकमेच्या बाबतीत मुळातच सावध असतो. दिवस संपला की गल्ला मोजावयाचा, रोजकीर्दीशी मेळ घालावयाचा आणि चार आण्यांचा फरक आला तरी तो सापडल्यावाचून दुकानाचा दिवा मालवावयाचा नाही, ही शिस्त आपल्या पेढ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. अलीकडे मात्र गल्ल्यात पडणारी रक्कम कमी होत चालली असून मोबाईलच्या द्वारे थेट बँकेत जाणारी रक्कम वाढत चालली आहे. यूपीआयची योजना २०१६ साली सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत फुलवाल्यापासून सराफापर्यंत सर्वांच्या दुकानी क्यूआर कोडची पाटी लागली. ही सोय मोठी आहे यात संशय नाही. परंतु या नव्या गल्ल्याचे कुलूप डोळ्यांस दिसत नाही, आणि ते फोडले गेले तर आवाजही होत नाही. एक लघुसंदेश येतो, आणि तो वाचेपर्यंत रक्कम गेलेली असते.

अशा प्रसंगी पुष्कळ सभासद दोन गोष्टींपैकी एक करतात. काही जण "गेले ते गेले" म्हणून स्वस्थ बसतात. काही जण शाखेत जाऊन तोंडी गाऱ्हाणे सांगतात व आश्वासन घेऊन परततात. दोन्ही रीती नुकसानीच्या आहेत. गेलेली रक्कम कोणी सोसावी याविषयी निश्चित नियम झालेले आहेत, आणि त्या नियमांत वेळेला फार महत्त्व आहे. जो वेळेवर लेखी कळवितो त्यास नियमाचा आधार मिळतो; जो उशीर करतो त्याचा आधार दिवसागणिक क्षीण होतो. यास्तव हा विषय सभासद बंधुभगिनींपुढे पाठाच्या रूपाने क्रमवार मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

१. प्रथम व्यवहार ओळखावा

खात्यातून रक्कम गेली म्हणजे प्रत्येक वेळी चोरीच झाली असे नव्हे. चार प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिला प्रकार अपुऱ्या राहिलेल्या व्यवहाराचा. आपल्या खात्यातून रक्कम वजा झाली, पण समोरच्या व्यापाऱ्यास पोहोचली नाही. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी याविषयी मुदती घालून दिल्या. दोन व्यक्तींमधील यूपीआय व्यवहारात व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदारास केलेल्या यूपीआय भरण्यात पाच दिवसांपर्यंत, रक्कम आपोआप परत यावी. त्यानंतर होणाऱ्या विलंबाबद्दल दररोज १०० रुपये भरपाई मिळावी, असे ते प्रमाण आहे. दुसरा प्रकार चुकीच्या क्रमांकावर आपणच पाठविलेल्या रकमेचा. येथे व्यवहारास आपली संमती होती. चूक पत्त्याची झाली. तिसरा प्रकार मालाविषयीच्या तंट्याचा : पैसे आपण राजीखुशीने दिले, माल आला नाही अथवा निकृष्ट आला. चौथा प्रकार म्हणजे आपल्या संमतीवाचून, परस्पर झालेला व्यवहार. सिमकार्डाची दुसरी प्रत काढून, मोबाईलमध्ये घातक ॲप घुसवून, कार्डाची माहिती चोरून अथवा बँकेच्या यंत्रणेतील उणिवेचा फायदा घेऊन झालेला व्यवहार या सदरात येतो. प्रस्तुत पाठ मुख्यतः या चौथ्या प्रकाराविषयी आहे. तक्रार लिहिताना आपले प्रकरण कोणत्या प्रकारात बसते ते स्पष्ट लिहावे. चारही प्रकारांची सरमिसळ केल्यास अर्ज एका मेजावरून दुसऱ्या मेजावर फिरत राहतो.

नियमित हप्त्यांच्या आपोआप कपातीविषयी एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्ड व यूपीआयवरील अशा आवर्ती कपातीपूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकास सूचना पाठविणे बंधनकारक झाले. ती सूचना वाचण्याची सवय ठेवल्यास नको असलेली कपात आधीच थांबविता येते.

२. जुन्या हुंडीचा धडा

हा विषय आपल्या परंपरेस अगदीच नवखा नाही. शाहजोग हुंडीची रक्कम ज्यास द्यावयाची तो "शाह", म्हणजे बाजारात पत असलेला गृहस्थ, असावा लागे. आलेला मनुष्य कोण याची चौकशी पैसे देणाऱ्या पेढीने करावयाची; चौकशीवाचून रक्कम दिली व ती भलत्याच्या हाती पडली, तर त्याची तोशीस पेढीने सोसावयाची. मूळ हुंडी गहाळ झाली तर "पैठ" आणि तीही गहाळ झाली तर "परपैठ" लिहून दिली जाई. देशी भाषांतील अशा लेखांविषयीच्या स्थानिक रूढीस १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानेही पहिल्याच कलमात सांभाळून घेतले.

त्या व्यवहाराच्या मुळाशी दोन तत्त्वे होती. पैसे देणाऱ्याने नीट ओळख पटवून द्यावे, हे एक. आणि हुंडी हरवली असेल तर धन्याने विनाविलंब कळवावे, हे दुसरे. आजचा नियमही याच दोन खांबांवर उभा आहे.

३. नुकसान कोणी सोसावयाचे

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, हे प्रथमच सविस्तर ठरविले. सहकारी बँकांसाठी तसेच नियम १४ डिसेंबर २०१७ रोजी आले. आपल्यापैकी पुष्कळांची खाती नागरी सहकारी बँकांत असल्याने ही दुसरी तारीख ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या परिपत्रकांनी घालून दिलेली चौकट अशी :

(अ) दोष बँकेचा असेल, म्हणजे तिच्या नोकराची लबाडी, हयगय अथवा यंत्रणेतील उणीव असेल, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. येथे ग्राहकाने कळविले की नाही हेही पाहिले जात नाही.

(आ) दोष बँकेचाही नाही व ग्राहकाचाही नाही, मधल्याच कोठेतरी चोरी झाली; अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य.

(इ) वरीलच परिस्थितीत चौथ्या ते सातव्या कामकाजाच्या दिवशी कळविल्यास ग्राहकास प्रत्येक व्यवहारामागे काही मर्यादित रक्कम सोसावी लागते. साधे बचत खाते, लघु व मध्यम उद्योगांचे चालू अथवा कॅश क्रेडिट खाते, आणि ५ लाखांपर्यंत मर्यादेचे क्रेडिट कार्ड यांस ती मर्यादा १०,००० रुपये ठेविली गेली; मूलभूत बचत खात्यास ५,००० रुपये; इतर मोठी चालू खाती व ५ लाखांवरील कार्डे यांस २५,००० रुपये. गेलेली रक्कम या मर्यादेपेक्षा कमी असेल तर अर्थात तेवढीच.

(ई) सात दिवसांनंतर कळविल्यास त्या बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या धोरणाप्रमाणे निर्णय.

(उ) हयगय ग्राहकाची असेल, म्हणजे त्याने पिन अथवा ओटीपी दुसऱ्यास सांगितला असेल, तर बँकेस कळविण्याच्या क्षणापर्यंतचे सर्व नुकसान त्याचे. कळविल्यानंतर जे जाईल ते बँकेचे.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. एका छोट्या पेढीच्या चालू खात्यातून तिऱ्हाइताच्या चोरीने एकाच व्यवहारात ६०,००० रुपये गेले. तिसऱ्या दिवशी कळविले तर पेढीस काहीच सोसावे लागत नाही. पाचव्या दिवशी कळविले तर १०,००० रुपये पेढीचे व ५०,००० बँकेचे. आता तीच रक्कम २०,००० रुपयांच्या तीन व्यवहारांत गेली असती व पाचव्या दिवशी कळविले असते, तर प्रत्येकी दहा हजार याप्रमाणे ३०,००० रुपये पेढीच्या अंगावर आले असते. दोन दिवसांच्या आळसाची किंमत अशी मोजता येते.

दुसरे उदाहरण घेऊ. एका गृहिणीने फोनवरील भामट्यास ओटीपी सांगितला. अकरा वाजता ४०,००० रुपये गेले. साडेअकरास तिने बँकेस कळवून तक्रार क्रमांक घेतला. बारा वाजता आणखी ३०,००० रुपये गेले. पहिले चाळीस हजार नियमाप्रमाणे तिचे नुकसान ठरेल. पुढचे तीस हजार बँकेने भरून द्यावयाचे. म्हणून ओटीपी सांगून बसलो, आता कळवून काय उपयोग, हा विचार सर्वथैव चुकीचा आहे. चूक झालेली असतानाही कळविणे फायद्याचेच असते.

आणखी तीन गोष्टी ग्राहकाच्या बाजूच्या आहेत. कळविल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा दाखवावयाची, आणि ही जमा व्यवहाराच्या मूळ तारखेपासून धरावयाची, म्हणजे व्याज बुडत नाही. तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लावावयाचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर ठेविलेला आहे.

बँकेखेरीज इतर संस्थांच्या मोबाईल पाकिटांसाठी असेच नियम ४ जानेवारी २०१९ रोजी निघाले. तेथे मुदत कामकाजाच्या दिवसांत न मोजता सरळ दिवसांत मोजली गेली, हा फरक विसरू नये. तसेच २८ नोव्हेंबर २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने आपली हजारो जुनी परिपत्रके एकत्र करून २४४ संकलित निदेश प्रसिद्ध केले. नियम असे वेळोवेळी नव्याने मांडले जातात व आकडेही बदलतात. म्हणून प्रत्यक्ष अर्ज करताना आपल्या बँकेचे त्या दिवशी लागू असलेले ग्राहक-संरक्षण धोरण मागून घ्यावे व त्यातील आकडे लिहावे.

४. दिवस कसे मोजावे

२०१७ च्या नियमात संदेश मिळाला तो दिवस सोडून द्यावयाचा व कामकाजाचे दिवस आपल्या मूळ शाखेच्या वेळापत्रकाप्रमाणे धरावयाचे आहेत. सोमवारी संध्याकाळी संदेश आला तर मंगळवार पहिला, बुधवार दुसरा व गुरुवार तिसरा दिवस. मध्ये बुधवारी शाखेस सुट्टी असेल तर मुदत शुक्रवारपर्यंत जाते. सीमाभागातील सभासदांस याचे विशेष महत्त्व आहे. १ नोव्हेंबरला कर्नाटकातील बँकांस राज्योत्सवाची सुट्टी असते, ती कोल्हापूरच्या शाखेस नसते. ज्याचे खाते बेळगावात व दुकान महाराष्ट्रात आहे त्याने बेळगावचेच दिनदर्शक पाहावे. तथापि हा हिशेब तंट्याच्या वेळी उपयोगी पडण्यासाठी आहे. कळविण्यासाठी तिसऱ्या दिवसाची वाट पाहावी असा याचा अर्थ कोणी घेऊ नये.

मुदत संदेशापासून सुरू होते, म्हणून संदेश कोणाच्या मोबाईलवर जातो हे पाहणे अगत्याचे आहे. पुष्कळ पेढ्यांच्या खात्यास जुन्या मुनिमाचा अथवा वयोवृद्ध वडिलांचा क्रमांक जोडलेला असतो. संदेश तिकडे पोहोचतो, दिवस सरतात, आणि धन्यास महिनाअखेर उताऱ्यावरून कळते. सभासदांनी हा अंक खाली ठेवताच आपल्या खात्यास जोडलेला क्रमांक तपासावा.

५. पहिल्या तासातील कामे

पहिले काम खाते रोखण्याचे. बँकेचा क्रमांक पासबुकावर अथवा कार्डाच्या पाठीमागे छापलेला असतो, तोच लावावा. इंटरनेटवर शोधून काढलेला मदत क्रमांक लावू नये. तेथे भामट्यांनी पेरलेले क्रमांकही आढळतात. कार्ड, यूपीआय व नेटबँकिंग तिन्ही बंद करण्यास सांगावे आणि तक्रार क्रमांक व वेळ लिहून घ्यावी.

दुसरे काम १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळविण्याचे. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०२१ साली ही व्यवस्था बँकांशी जोडली. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात व तेथून तिसऱ्यात काही मिनिटांत हलविली जाते. ती बाहेर काढली जाण्यापूर्वी कळले तर ज्या खात्यात असेल तेथेच अडवून धरता येते. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तीच तक्रार सविस्तर नोंदवावी. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा प्रश्न न आणता कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. दुकान एका राज्यात, खाते दुसऱ्यात व चोर तिसऱ्यात, अशा सीमाभागातील प्रकरणांस हे कलम मोठे उपकारक आहे.

तिसरे काम पुराव्याचे. संदेश पुसू नयेत. मोबाईल घाईने कोरा करू नये. संदेशांची छायाचित्रे, यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, खात्याचा उतारा, आलेल्या फोनचे क्रमांक व वेळा एका जागी जमवाव्यात.

चौथे काम लेखी अर्जाचे. तोंडी बोलणे कितीही झाले तरी कागदावाचून ते फिके पडते. अर्जात व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम व संदर्भ क्रमांक. संदेश केव्हा मिळाला. आपण केव्हा व कोणत्या तक्रार क्रमांकाने कळविले. आणि आपली मागणी, एवढे असावे. नमुन्यादाखल मजकूर देतो :

"वरील व्यवहार आम्ही केलेला नाही व त्यास आमची संमती नव्हती. आम्ही पिन, ओटीपी अथवा पासवर्ड कोणासही दिलेला नाही. संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत आम्ही कळविले आहे. सबब ही रक्कम नियमाप्रमाणे दहा कामकाजाच्या दिवसांत मूळ तारखेपासून जमा करावी व निकाल लेखी कळवावा. जबाबदारी आमची आहे असे बँकेचे म्हणणे असल्यास त्याचा आधार कागदपत्रांसह द्यावा."

जे सत्य असेल तेवढेच लिहावे. ओटीपी दिला असेल तर दिला नाही असे लिहू नये. यंत्रणेच्या नोंदीत ते उघड होते, आणि मग अर्जातील खऱ्या भागावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्यावी.

६. बँकेने नकार दिल्यास

बँकेने अर्ज फेटाळला, अथवा ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. १२ नोव्हेंबर २०२१ पासून ही व्यवस्था एकात्मिक झाली. तक्रार संकेतस्थळावरून अथवा टपालाने चंदीगड येथील केंद्राकडे पाठविता येते व तिला शुल्क नाही. बँकेकडे आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा मात्र जोडावा लागतो. लोकपालाकडेही समाधान न झाल्यास ग्राहक आयोग व न्यायालये आहेतच.

न्यायालयांचा कल कळण्यास तीन निकाल पुरेत. ग्राहकाने एसएमएसला उत्तर दिले नाही एवढ्यावरून त्यास जबाबदार धरता येत नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली म्हटले. एका कंपनीच्या खात्यास ऑक्टोबर २०२२ मध्ये ओटीपीवाचून नवी नावे जोडली जाऊन सुमारे ७६ लाख रुपये गेले होते. लोकपालाने तिची तक्रार फेटाळली असतानाही मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये सहा आठवड्यांत रक्कम परत देण्याचा आदेश बँकेस दिला. ऑनलाईन घेतलेली वस्तू परत करू पाहणाऱ्या एका ग्राहकाचे ९४,००० रुपयांहून अधिक गेले होते व त्याने २४ तासांच्या आत कळविले होते. ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँकेची याचिका फेटाळून त्याच्या बाजूचा गुवाहाटी उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेविला, आणि त्याच वेळी ग्राहकांनीही ओटीपीविषयी दक्ष राहावे असे बजाविले. मोठी असो वा लहान, त्वरित कळविलेली रक्कम लढविता येते, हा यातील बोध आहे.

७. पेढीवर पाळावयाचे काही नियम

दुकानच्या क्यूआर कोडसाठी वेगळे खाते ठेवावे व त्यात साठलेली रक्कम दररोज मुख्य खात्यात वळवावी. सकाळी दुकान उघडताच स्वतः एक रुपया पाठवून कोड आपल्याच नावाचा आहे याची खात्री करावी. वरून दुसऱ्याचा कोड चिकटविण्याचे प्रकार घडतात. मोठ्या रकमा पाठविताना एकाने व्यवहार मांडावा व दुसऱ्याने मंजूर करावा अशी सोय बँकेकडून घ्यावी. नोकर अथवा मुनीम सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदलावा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे दुकानातील पोरासही पाठ असावे. बँकेचा उतारा महिन्याने न पाहता रोज रात्री रोजकीर्दीबरोबर ताडून पाहावा.

एक इशारा वेगळ्या प्रकारचा. चोरीची रक्कम फिरविण्यासाठी भामट्यांस दुसऱ्याची खाती हवी असतात, आणि "खाते वापरू द्या, शेकडा इतके घ्या" असे सांगणारे मध्यस्थ तरुण मुलांस गाठतात. अचौर्यव्रताच्या अतिचारांत "तदाहृतादान", म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे, हा दोष आपल्या शास्त्रकारांनी गणलेला आहेच. कायद्यानेही तो गुन्हा आहे. उलट पक्षी, प्रामाणिक विक्रीची रक्कमही गिऱ्हाइकाने चोरीच्या पैशांतून दिली असल्यास आपल्या खात्यात अडकविली जाऊ शकते. अशा वेळी बिल, मालाची पोच व गिऱ्हाइकाचा पत्ता हाताशी असेल तर आपली बाजू मांडता येते. म्हणून अनोळखी गिऱ्हाइकाचे मोठे बिल नावानिशी करावे.

८. मौन हेच मोठे नुकसान

शेवटी एक घरगुती गोष्ट सांगितल्यावाचून हा पाठ पुरा होत नाही. अशी चोरी झाली की रकमेपेक्षा लाजेचे ओझे अधिक होते. सून सासऱ्यांस सांगत नाही, मुलगा बापास सांगत नाही, म्हातारा मुलांस सांगत नाही. पेढीचा धनी तर बाजारात पत जाईल म्हणून कोणालाच सांगत नाही. या संकोचात पहिला तास जातो, मग तीन दिवस जातात, मग सात. चोराने जितके नेले असते त्याहून अधिक हे मौन नेते. फसविले जाणे हा अपराध नव्हे. शिकलेले लोक, बँकेत आयुष्य काढलेले लोकही फसविले गेले आहेत.

म्हणून कुटुंबप्रमुखांस आमची विनंती आहे की, "असे काही झाले तर प्रथम मला सांगा, मी रागावणार नाही," हे वाक्य त्यांनी आजच घरात बोलून ठेवावे आणि दिलेला शब्द पाळावा. १९३० हा आकडा व बँकेचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून गल्ल्याच्या झाकणावर आतून चिकटवावा. अडचणीत सापडलेल्या सभासदाचा अर्ज लिहून देण्यास व त्याच्याबरोबर शाखेत जाण्यास चार जाणत्या मंडळींनी पुढे यावे. आपल्या समाजाने परगावी आलेल्या व्यापाऱ्यास उतरावयास जागा दिली, पडत्या पेढीस हात दिला. एका अर्जाची मदत त्या मानाने लहान आहे, पण एखाद्या घराचे भांडवल तिच्याने वाचू शकते.